पहिली बुट्टी

“बाबा, कोऱ्या पट्ट्यात भुकटी कुणी टाकली?”

केदारगिरी बाबा मठाच्या ओट्यावर बसून नाचणीची कणसं तळहातावर चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आदी बूट काडा, सायेब. मग रागवा.”

धैर्यशील सरनोबतने बूट काढले. एक बूट ओट्याखाली गडगडत गेला. तो आणायला धैर्यशील वाकला नाही. त्याच्या मुठीत माती होती, ती त्याने बाबांच्या पुढ्यात सोडली. तांबड्या मातीत काळपट बारीक कच चमकत होती.

“ही आपोआप आलेली नाही.”

“न्हाई. आपोआप कशी यील?”

“मग कुणी टाकली?”

“गावानं.”

“कधी?”

“तिन्ही वर्सं.”

धैर्यशील मटकन खाली बसला. बाबा कणसं चोळत राहिले. फोल वाऱ्यावर उडत होतं आणि दाणे त्यांच्या मांडीवरच्या पंच्यात जमत होते.

…

करंजटेंब हे गाव सह्याद्रीच्या माथ्याला चिकटून बसलेलं. इथला पाऊस चार महिने हटत नाही. त्याने माती वर्षानुवर्षं अशी धुतली की तिच्यातलं सत्त्व खाली ओढ्याला गेलं आणि वर राहिली ती तांबडी, आंबट माती. नाचणी गुडघ्याएवढी व्हायची आणि तिथेच थांबायची.

तीन वर्षांपूर्वी धैर्यशील या गावात जीपमधून उतरला. मृदाशास्त्रातली मोठी पदवी, तीन देशांत शिकलेला, बोलणं स्वच्छ. गावाने त्याला डॉक्टर म्हणून ओळखलं आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी पोट फुगलेली म्हैस त्याच्या दारात आणून बांधली. ती आपली आपणच बरी झाली, त्यामुळे त्याचा मान वाढला.

त्याचं काम होतं दगडाचं. खालच्या पठारावरच्या खाणीत काळा पत्थर फोडतात, खडी करतात. खडीबरोबर जी भुकटी पडते तिला कुणी विचारत नाही. ती भुकटी त्याला करंजटेंबच्या शेतांत पसरायची होती.

“कशापायी?” बाबांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

धैर्यशीलने उत्साहाने सांगितलं. हवेत कर्ब वाढलाय, त्याने जग तापतंय. पावसाचं पाणी येताना हवेतला थोडा कर्ब घेऊन येतं, म्हणून ते जरासं आंबट असतं. ते पाणी दगडाच्या भुकटीला हळूहळू खातं. खाताना कर्ब त्यात बांधला जातो, ओढ्यातून, नदीतून समुद्राला जातो आणि हजारो वर्षं परत वर येत नाही. आणि दगडातला चुना, बाकीची सत्त्वं मातीला मिळतात, तिचा आंबटपणा जातो.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी आबाळाचं बी भलं आनि नाचनीचं बी.”

“अगदी बरोबर.”

“दगूड जिरायला किती दिस लागत्यात?”

“बारीक असेल तर काही थोड्या वर्षांत. पूर्ण जिरायला खूप वर्षं.”

“मग तुमाला घाई कशाची हाय?”

धैर्यशील हसला होता. म्हाताऱ्या माणसांचं असं बोलणं तो हसण्यावारी न्यायचा. त्याला घाई होती आणि ती लपवण्याचं काही कारण त्याला वाटत नव्हतं.

चाळीस घरं तयार झाली. अडचण एकच होती. भुकटीचा गुण कळायचा तर एक तुकडा भुकटीवाचून ठेवायला हवा. बाकी सगळं सारखं, बी तेच, शेणखत तेच, फक्त भुकटी नाही. दोन्ही शेजारी शेजारी असले की फरक दिसतो. हे चाळीस घरांना पटलं, आणि आपला तुकडा द्यायला एकही घर तयार झालं नाही.

“माझंच रान उपाशी का म्हनून?” प्रत्येकाने हेच विचारलं.

शेवटी बाबा म्हणाले, “मठाचं घ्या.”

मठाच्या रानात मधोमध एक पट्टा आखला गेला. चारी कोपऱ्यांना खुंट्या, आणि पुढे पत्र्याचा फलक. ‘येथे काहीही टाकू नये.’ ज्यांच्या हाताखाली तो शिकला होता त्या जुन्या गुरुजींनी पत्रातून कळवलं होतं की कोरे पट्टे तीन तरी ठेव, वेगवेगळ्या ठिकाणी. धैर्यशीलने उत्तर लिहिलं की एक नीट ठेवला की पुरे. आपण ठेवलेली गोष्ट नीटच असणार, याबद्दल त्याला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

माती किती आंबट आहे ते सांगणारं एक लहान यंत्र त्याच्या खिशात असायचं. आकडा जितका खाली, तितकी माती आंबट. सुरुवातीला सगळ्या गावाचा आकडा चार पूर्णांक नऊ होता.

पहिल्या वर्षी भुकटीच्या रानांचा आकडा वर सरकला. कोऱ्या पट्ट्याचाही सरकला. धैर्यशीलने यंत्राला दोष दिला आणि नवं मागवलं.

दुसऱ्या वर्षी दोन्ही आणखी वर सरकले. त्याने पावसाला दोष दिला.

या वर्षी सुगी झाली आणि मोजणीत कोऱ्या पट्ट्याची नाचणी सगळ्या गावात वरचढ निघाली. आता दोष द्यायला तो एकटाच उरला होता. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. आपलं शास्त्रच खोटं, दगड काही करत नाही, तीन वर्षं आपण लोकांना नादी लावलं, असं त्याच्या मनाने घेतलं. सोमवारी भुकटीचा खर्च देणाऱ्यांचं तपासणी पथक येणार होतं. पथकाने मान डोलावली तर खालच्या बारा गावांना भुकटी मिळणार होती. नाही डोलावली, तर करंजटेंबचीही बंद होणार होती. त्या बारा गावांना शब्द त्यानेच दिला होता, स्वतः जाऊन.

आज गुरुवार. सकाळी तो नुसताच कोऱ्या पट्ट्यात जाऊन बसला आणि सहज मूठभर माती उचलली. ती बोटांना टोचली.

…

“फलक दिसला नाही का कुणाला?”

“दिसला की.”

“त्यावर काय लिहिलंय?”

“हितं घान टाकू नगा, आसं लिवलंय म्हनत्यात. गावानं तो फलक लई पाळला. कागदाचा कपटा तितं पडू दिला न्हाई.”

“घाण नाही, बाबा! काहीही!”

“भुकटी काहीही कशी आसंल? तिच्यासाठी तर तुमी जीपगाडी पळवलीसा.”

धैर्यशीलला हसावं की डोकं धरावं ते कळेना. त्याने डोकं धरलं.

“पण सगळ्यांनी तिथेच का?”

बाबांनी पंच्यातले दाणे सुपात ओतले.

“गावाची रीत हाय. रानात काय बी घालायचं झालं, शेन आसो, गाळ आसो, पैली बुट्टी मठाच्या रानात. मग आपल्या. तुमची भुकटी आली, चाळीस घरांनी चाळीस बुट्ट्या आनल्या. मठाच्या रानात भुकटी कुटं पडली न्हाई ते बगितलं. एकच तुकडा कोरा दिसला.”

“म्हणून त्यातच टाकली.”

“मानूस वाडताना रिकामं पानच बगतोय, सायेब.”

धैर्यशीलने मनात हिशेब केला. चाळीस बुट्ट्या, तीन वर्षं. त्या एका पट्ट्यात गावातल्या कोणत्याही रानापेक्षा जास्त भुकटी पडली होती. शास्त्र खोटं नव्हतं. दगडाने काम केलं होतं, आणि भरभरून केलं होतं. फक्त ते सिद्ध करायला आता जगात काही उरलं नव्हतं. जुन्या आकड्यापेक्षा माती सुधारली हे दाखवता आलं असतं, पण पथक लगेच विचारणार, ती शेणखताने सुधारली नाही कशावरून?

कोऱ्या पट्ट्याचा पहिलाच आकडा तिन्ही वर्षांना लिहून टाकला तर? कुणाला कळणार होतं? हा विचार आला, आणि आपल्याला तो यावा याची त्याला भयंकर लाज वाटली.

मग त्याला राग आला, तो बाबांचा.

“तुम्हाला माहीत होतं. कोरा पट्टा कशासाठी ते तुम्हाला मी तीनदा समजावलं होतं. तुम्ही इथे बसून बघत होतात आणि एकालाही अडवलं नाही.”

“न्हाई अडवलं.”

“का?”

बाबांनी हनुवटीने रानाकडे खूण केली.

“त्या बगा, आनसाक्का आल्या. तुमी अडवा.”

…

परवाच भुकटीची या वर्षीची शेवटची गाडी गावात रिकामी झाली होती. आनसाक्का डोक्यावर भुकटीने भरलेली वेताची बुट्टी घेऊन बांधावरून येत होत्या. साठी उलटलेली, सडपातळ बाई. एकट्या राहून दोन एकर रान करायच्या आणि चावडीवर कुणाचं ऐकून घ्यायच्या नाहीत.

धैर्यशील अनवाणीच धावला. नाचणीच्या धसकटांनी पाय सोलले. त्याने फलकाच्या पुढे उभं राहून दोन्ही हात आडवे केले.

“आक्का, थांबा!”

“आगं बाई, सायेब! पायात काय न्हाई तुमच्या.”

“आक्का, इथे टाकू नका.”

“का वो?”

का ते सांगायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात आनसाक्कांनी त्याच्या हाताखालून वाकून बुट्टी अलगद पट्ट्यात पालथी केली, तळ थोपटला, आणि मोकळ्या हाताने मातीला नमस्कार केला.

“झालं. आता सांगा.”

त्यांनी रिकामी बुट्टी काखेला मारली.

“आनि आजून एक आनतो मी. तुमच्या नावची ऱ्हायलीया.”

“माझ्या नावाची?”

“तर! दर वर्सी टाकतो. तुमचं हितं रान न्हाई, घर न्हाई, तुमची बुट्टी कोन टाकनार? सगळ्या गावाला भुकटी देनारा मानूस, आनि मठात त्याचीच न्हाई, हे बरं दिसतंय व्हय?”

धैर्यशीलचे आडवे हात खाली आले.

“आक्का,” तो म्हणाला, “उपकार झाले.”

“त्यात कसलं उपकार?” म्हणून आनसाक्का दुसरी बुट्टी आणायला वळल्या.

तो ओट्यावर परत आला तेव्हा बाबांनी त्याचा गडगडलेला बूट शोधून दुसऱ्याशेजारी नीट लावून ठेवला होता.

“अडवलंसा?”

“नाही.”

“मग मला कशाला विचारलंसा?”

…

धैर्यशील ओट्यावरून उठला.

“चूक माझी आहे. तीन पट्टे ठेवायला सांगितले होते, मी एक ठेवला. आणि तोसुद्धा अशा गावात, जिथे एक तुकडा उपाशी ठेवणं कुणाला जमत नाही. सोमवारी त्यांना खरं ते सांगतो. कोरा पट्टा उरलेला नाही. तुमचा निकाल तुम्ही द्या.”

“आसं सांगशीला?”

“दुसरं काय सांगू? करंजटेंबात आज भुकटी न पडलेली माती ओंजळभरही नाही.”

“हाय की.”

“कुठे?”

बाबांनी भिंतीला टेकवलेलं खोरं घेतलं. ते हातात घेताना त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. वय ऐंशीच्या पुढे गेलं होतं आणि गेल्या पावसाळ्यापासून छातीत घरघर होती. धैर्यशीलने खोरं घ्यायला हात पुढे केला. बाबांनी ते दिलं आणि मठामागे चालू लागले.

मठामागे, त्याच रानाच्या कडेला, ओळीने तीन समाध्या होत्या. गोसाव्यांना जाळत नाहीत, बसवून पुरतात. तिसरी समाधी बाबांच्या गुरूंची. तिच्यावर पहिली बुट्टी माती शिष्य म्हणून बाबांनी टाकली होती आणि मग सगळ्या गावाने. ‘तवापास्नंच ही रीत पडली,’ असं बाबा कधीमधी सांगायचे.

तिसऱ्या समाधीपुढे दगड मांडून एक जागा राखलेली होती. दहा पावलं लांब, आठ पावलं रुंद. धैर्यशील तिच्या कडेने तीन वर्षं रोज ये-जा करत होता. कापणी झालेल्या नाचणीची खोडं तिथेही होती. बोटभर जाडीची सोडा, काडीएवढी. बाकी रानातली खोडं पाहिल्यावर ती ओळखूही आली नसती.

“ही माजी,” बाबा म्हणाले. “हितं कोन बुट्टी टाकत न्हाई. जित्या मानसाच्या समाधीवर माती टाकली तर त्यो मरतोय म्हनत्यात.”

धैर्यशील खोडांकडे बघत राहिला.

“नाचणी कुणी लावली?”

“मी. तरवा त्योच, मठाच्या रानातला. बायकांनी लावनी केली की उरल्यालं रोप मी हितं लावायचो.”

“आणि खत?”

“माज्या हातानं. बाकीच्या रानात जेवडं, तेवडंच. तुमी म्हनाला व्हता न्हवं? बाकी समदं सारकं. भुकटी तेवडी नगं.”

“तिन्ही वर्षं?”

“तिन्ही.”

“बाबा… तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? गाव पट्टा कोरा ठेवणार नाही म्हणून?”

“हितं जलमलोय मी.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं न्हाई. तुमी फलक लावला.”

हे बोलताना बाबांच्या आवाजात टोमणा नव्हता. धैर्यशीलला मात्र तो बरोबर जाऊन बसला.

“खोदा,” बाबा म्हणाले.

धैर्यशीलने खोरं वर उचललं आणि ते तसंच वर राहिलं.

गावात कुणालाही विचारा, गोसाव्याच्या राखलेल्या जागेत खोरं कधी पडतं. ते एकाच दिवशी पडतं. पुढे दगडांच्या चौकटीत, काडीएवढ्या खोडांमध्ये, बाबा उभे होते. अंगावर विरलेला पंचा, छातीच्या फासळ्या मोजता येतील अशा.

“काय झालं?”

“काही नाही.”

“तुमी तर असलं काय मानत न्हाई.”

“नाही मानत.”

“मग मारा की.”

खोरं वरच होतं.

“सायेब, हात दुखंल वर धरून.”

धैर्यशीलने खोरं खाली टेकवलं. तीन वर्षं दुपारची भाकरी त्याने या म्हाताऱ्याच्या चुलीवरची खाल्ली होती. त्याचे वडील तो शिकायला परदेशात असताना गेले, त्यांच्या अंत्यविधीला तो पोचू शकला नव्हता. हे त्याने गावात फक्त एकाच माणसाला सांगितलं होतं आणि तो माणूस आता आपली कबर खणायला सांगत होता.

“माझ्याने होत नाही,” तो म्हणाला.

“बारा गावं हायेत.”

“माहीत आहे.”

“मग?”

बाबा चौकटीतून बाहेर आले नाहीत. उलट त्यांनी खाली मांडी घातली आणि आपल्या पुढ्यातल्या हातभर जागेवर तळहात थोपटला. जेवायला बसलेला माणूस शेजारच्याला जागा दाखवतो, तसा.

“हितं.”

धैर्यशील त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. खोऱ्याचा दांडा त्याने आखूड धरला आणि डोळे उघडे ठेवून घाव घातला.

“आवो सायेब! काय करताय वो ह्ये!”

आनसाक्का दुसरी बुट्टी घेऊन पोचल्या होत्या. बुट्टी त्यांनी तिथेच टाकली, पदर सावरत धावत आल्या.

“जित्या मानसाची समाधी खोदताय? डोस्कं फिरलंय का काय? बाबा, उठा तितनं आदी!”

“आक्का, ओरडू नगा. माती बगायलाय त्यो.”

“माती बगायला हीच गावली? एवडं रान पडलंय!”

“त्या रानात तुमची बुट्टी हाय.”

“मग?”

“मग हीच ऱ्हायली.”

आनसाक्कांना ते कळलं नाही. पण बाबा हसत होते, आणि हसणाऱ्या माणसाला अपशकुन होत नसावा, असं समजून त्या तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या.

धैर्यशीलने वीतभर खालची माती काढली. ती बोटांत चोळली. मऊ, तांबडी, कुठे कच नाही. वाटीत पाणी घालून त्याने ती कालवली आणि खिशातलं यंत्र तिच्यात बुडवलं.

आकडा हलला, खाली आला, थांबला.

चार पूर्णांक नऊ.

त्याने ते यंत्र बाबांपुढे धरलं. बाबांना आकडा वाचता येत नव्हता. त्यांनी धैर्यशीलचं तोंड वाचलं.

“आंबट?”

“आंबट, बाबा. जशी होती तशीच.”

“चांगलं झालं,” बाबा म्हणाले आणि उठायला हात पुढे केला. धैर्यशीलने तो धरून त्यांना उभं केलं आणि बराच वेळ सोडला नाही.

…

सोमवारी पथक आलं. चारजण होते, प्रमुख एक पोक्त बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. धैर्यशीलने काही झाकलं नाही. कोरा पट्टा कसा भरला, कुणी भरला, का भरला, आपण एकच कसा ठेवला, सगळं सांगितलं. पथकातल्या एकाच्या तोंडावर हसू आलं. बाईंच्या आलं नाही.

त्या मठामागे गेल्या. चपला काढून दगडांच्या चौकटीत उतरल्या आणि माती स्वतःच्या हाताने घेतली. तीन जागची, तीन पिशव्यांत. मग शेजारच्या रानातली घेतली.

“तुकडा लहान आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि एकच आहे.”

“हो.”

“पण हा राखलेला आहे. असा मला चांगल्या चांगल्या संस्थांत बघायला मिळत नाही.”

प्रयोगशाळेतून महिन्याने कागद आला. करंजटेंबची भुकटी चालू राहणार होती आणि बारा गावांपैकी चारांना पुढच्या हंगामात मिळणार होती, बाकीच्यांचं नंतर ठरणार होतं. अट एक. प्रत्येक गावात कोरे पट्टे तीन, आणि करंजटेंबातही तीन नवे, ज्यांत यापुढे काही पडणार नाही.

ही अट धैर्यशीलने चावडीवर वाचून दाखवली तेव्हा फलकाचं नाव काढलं नाही. त्याने विचारलं.

“पट्टा कोरा कसा राहील, तुम्हीच सांगा.”

आनसाक्का उठल्या.

“एक माज्या रानात घ्या. भवतीनं माज्या नावाचं दगड मांडा, बाबांच्यागत. मग कुनाची बुट्टी पडतिया, मी बगतो.”

चावडी हसली. दगड मात्र दुसऱ्या दिवशी मांडले गेले.

त्या संध्याकाळी धैर्यशील मठामागे गेला. बाबा आपल्या चौकटीत बसून सकाळी उन्हात टाकलेली काडी गोळा करत होते. या जागेचं काम संपलं होतं. पुढच्या हंगामापासून कोरे पट्टे दुसरीकडे असणार होते. धैर्यशीलच्या काखेत बुट्टी होती, काठोकाठ भुकटीने भरलेली. त्याने बूट आधीच काढून ठेवले होते.

तो चौकटीबाहेर थांबला.

“बाबा, तीन वर्षं ही जागा माझ्यासाठी उपाशी ठेवलीत. आता गरज नाही. गावाची रीत मला ठाऊक आहे, पण… हिलाही मिळायला हवं ना? पहिली बुट्टी मी टाकू?”

बाबांनी काडी बाजूला ठेवली. त्याच्याकडे, मग बुट्टीकडे पाहिलं. तिसऱ्या समाधीकडे पाहिलं, जिच्यावर पहिली बुट्टी त्यांची होती.

“टाक की, पोरा. पैली तुजीच,” ते म्हणाले. “पर मी आत बसल्यावर.”